तीस घरांचं दहा-दहा दाणे बी: मुंबईतल्या एका बीसंग्रहाचं प्रकरण

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात गावठी बियांचा छोटा संग्रह आहे. भात आहे, नाचणी आहे, वाल आहेत, पण सगळ्यात जास्त पुड्या तवशाच्या, म्हणजे कोकणातल्या मोठ्या काकडीच्या. त्याला कारण गणपती. आमच्याकडचे बरेच विद्यार्थी चाकरमान्यांच्या घरातले. भाद्रपदात सगळे गावी जातात आणि त्याच सुमाराला कोकणात मांडवावर बियाला राखलेली तवशी पिकत आलेली असतात. परतताना कुणी पिशवीत एक पिकलं तवसं घेऊन येतो, कुणी आजीने राखेत घोळून ठेवलेल्या बियांची पुडी. विभागात ते बी धुऊन, सावलीत वाळवून, वर गाव-वाडी-घर लिहून बरणीत ठेवलं जातं.

हे प्रकरण राजापूर तालुक्यातल्या एका वाडीच्या बियांचं आहे. बारा घरं, बारा पुड्या. मी याच महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. विभागातल्या मॅडमनी मला बोलावलं ते एवढंच विचारायला की उगवण घसरते आहे, बी नव्याने धरायचं आहे, गच्चीवर चोवीस पिंपं मावतात, तर वेल किती लावायचे आणि कुठल्या पुडीतले.

"बी भरपूर आहे, सर. एकेका पुडीत दोनशे-तीनशे दाणे आहेत," त्या म्हणाल्या.

दाणे खरंच भरपूर होते. मी विचारलं, "एका पुडीत घरातल्या किती तवशांचं बी?"

"एकच. बियाला एकच राखतात ना."

सगळं प्रकरण या उत्तरात आहे.

दाणे मोजायचे की आया

एका तवशात शेकडो बिया असतात, पण त्या सगळ्यांची आई एकच वेल. प्रत्येक जनुकाच्या त्या वेलाकडे दोनच प्रती. बिया तीनशे असोत की तीन हजार, आईकडून त्यांच्यात त्या दोन प्रतींपलीकडे काहीही येऊ शकत नाही. उरलेला अर्धा वाटा परागातून येतो. काकडीवर्गात एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी येतात आणि पराग मधमाशी आणते, त्यामुळे बाप अनेक असू शकतात. तरीही हिशेबाला एक कमाल मर्यादा आहे. सगळे बाप वेगवेगळे आणि एकमेकांशी नातं नसलेले धरले तरी एका फळातल्या बियांची प्रभावी संख्या ४ च्या वर जात नाही. आनुवंशिक विविधता टिकवण्याच्या दृष्टीने तीनशे दाण्यांची पुडी जास्तीत जास्त चार झाडांइतकी असते. मधमाशीने त्याच वेलाचा पराग त्याच वेलावर नेला असेल तर ती संख्या १ वर येते.

बरणी वजनाने भरलेली दिसते तेव्हा हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून मला ते लिहून ठेवावंसं वाटलं. बीसंग्रहात नोंदवहीचा पहिला रकाना "दाणे किती" हा असतो. माझ्या मते तो "आया किती" हा असायला हवा.

जनुकाचं एखादं विरळ रूप हातून गेलं तर काय बिघडतं, असा प्रश्न विद्यार्थी विचारतातच. त्याचं उत्तर भाताच्या इतिहासात आहे. १९७० च्या आसपास आशियातल्या भाताला ग्रासी स्टंट नावाच्या विषाणूने गाठलं. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या जंगली भाताच्या एका नमुन्यात. तिथून ते जनुक पुढच्या वाणांत आलं आणि आशियाभर कोट्यवधी माणसांच्या ताटात पोचलं. ते बी ज्याने गोळा केलं त्याला या रोगाचं नावही माहीत असायचं कारण नव्हतं. कशाला महत्त्व येणार हे आधी कळत नसतं, त्यामुळे जे सापडेल त्याचा प्रातिनिधिक भाग उचलायचा एवढंच आपल्या हातात असतं. इथे संख्याशास्त्राचं काम सुरू होतं.

पाच टक्क्यांचा नियम

ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ मार्शल आणि ब्राउन यांनी १९७५ मध्ये एक उद्दिष्ट मांडलं. आजही जगभर बी गोळा करणारे तेच प्रमाण धरतात: एखाद्या ठिकाणच्या पिकात जनुकाचं जे रूप ५ टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणात आहे, त्याची निदान एक प्रत ९५ टक्के खात्रीने आपल्या नमुन्यात आली पाहिजे.

गणित शाळेतलंच आहे. एक प्रत उचलली तर ते रूप हुकण्याची शक्यता ०.९५. दोन उचलल्या तर ०.९५ चा वर्ग. असं करत ५९ प्रतींना ही शक्यता ०.०५ च्या खाली उतरते. तवशासारख्या परपरागित पिकात प्रत्येक झाडात दोन प्रती, म्हणून एकमेकांशी नातं नसलेली ३० झाडं पुरतात. भात स्वपरागित आहे. त्यात एका झाडाच्या दोन्ही प्रती बहुधा सारख्याच असतात, म्हणून तिथे साठ झाडं धरायची.

नमुना याहून मोठा केला तर काय, हेही पाहिलं पाहिजे. तीसऐवजी साठ तवशीच्या वेलांचं बी घेतलं तर ५ टक्क्यांच्या रूपाची खात्री ९५ वरून ९९.८ वर जाते. मेहनत दुप्पट, लाभ थोडा. १ टक्का प्रमाणातल्या रूपासाठी मात्र दीडशे वेल लागतात. मार्शल आणि ब्राउन यांचा सल्ला इथे फार मोलाचा आहे. एकाच वाडीत खोल खणत बसण्यापेक्षा ती मेहनत दुसऱ्या वाडीत घालवा, कारण एका वाडीत सर्रास असलेलं पण बाकी कुठेच नसलेलं रूप हे सर्वांत मौल्यवान असतं आणि ते त्या वाडीत पाऊल टाकल्याशिवाय मिळत नाही.

बारा पुड्यांचा हिशेब

आमच्याकडे तीस आया नव्हत्या, बारा होत्या. मॅडमचा पहिला बेत प्रत्येक पुडीतले दोन वेल, म्हणजे चोवीस पिंपांत चोवीस वेल असा होता. मी दोन टोकांची गृहीतकं धरून आकडे काढले.

पहिलं टोक आशादायी. वाडीतल्या मधमाश्या घरोघर फिरल्या, प्रत्येक बीचा बाप वेगळा. मग दर पुडीमागे दोन वेल लावले तर ५ टक्क्यांचं रूप गच्चीवर पोचण्याची शक्यता सुमारे ८८ टक्के. दर पुडीमागे तीन वेल लावले तर सुमारे ९५ टक्के. तिसऱ्या वेलाने उद्दिष्ट गाठलं जातं.

मॅडमना हे पटलं आणि त्यांनी लगेच जागेचा प्रश्नही सोडवला. आम्हाला एका वेलावर एकच फळ हवं होतं, तेही खाण्यापुरतं मोठं नसलं तरी चालणार होतं. मग एका पिंपात दोन वेल का लावू नयेत? खायला तवसं घेणारा माणूस असं करणार नाही, बी धरणाऱ्याला ते परवडतं. अठरा पिंपांत छत्तीस वेल बसले आणि सहा पिंपं मोकळी राहिली.

दुसरं टोक मला झोपू देईना. कोकणातल्या घरापुढे एक मांडव असतो आणि त्यावर तवशीचे एक-दोन वेल. पुढचं घर आंब्या-फणसांच्या पलीकडे. मधमाशीला शेजारचं फूल सोडून लांब जायची गरज काय? सगळा पराग त्याच वेलाचा असेल, तर एका घरातून आपल्याला दोनच प्रती मिळतात आणि बारा घरांतून चोवीस. तशात दोन वेल लावले तर शक्यता सुमारे ६८ टक्के, तीन लावले तर ७० टक्के. शंभर लावले तरी ७१ च्या वर नाही. त्या स्थितीत तिसरा वेल जवळपास वाया जातो. गच्चीवर कितीही कष्ट केले तरी वाडीत न उचललेली प्रत मुंबईत तयार होत नाही.

सत्य या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असणार, आणि ते शोधायला लागणारी जनुकीय चाचणी विभागाच्या आवाक्यात नव्हती. पण निर्णयाला तिची गरजही नव्हती. दोन्ही टोकांना एकच गोष्ट कामी येते: घरं वाढवणं. तीस घरं झाली की वाईटात वाईट गृहीतकातही ६० प्रती हाती येतात आणि खात्री ९५ टक्क्यांवर जाते. त्यासाठी तीस तवशी लागत नाहीत. दर घरातून दहा दाणे पुरेत.

म्हणून ठरलं ते असं: या जूनमध्ये आहे त्या बारा पुड्यांतून दर पुडी तीन वेल लावायचे, आणि येत्या गणपतीत विद्यार्थ्यांना सांगायचं की एका घरातून अख्खं तवसं आणू नका, जमतील तितक्या घरांतून दहा-दहा दाणे आणा.

पुड्या वेगळ्या की एकत्र

यावर आमचे खरे मतभेद झाले. मॅडमना प्रत्येक घराचं बी वेगळं राहायला हवं होतं. त्यांचं म्हणणं, पुडीवर एका बाईचं नाव आहे, तिने ते बी वर्षानुवर्षं राखलं आहे, ते नाव मिसळणीत पुसून टाकायचा आपल्याला अधिकार नाही. मला हे म्हणणं मनापासून पटतं. पण एका आईचं बी वेगळं ठेवून पुन्हा पुन्हा त्यातूनच बी धरलं तर ते आतल्या आत क्षीण होत जातं. प्रभावी संख्या एवढी लहान असताना दर पिढीला विविधतेचा मोठा तुकडा गळतो. दहा झाडांच्या बियांतही दर पिढीला ५ टक्के गळतात आणि पाच पिढ्यांत जवळजवळ पाव हिस्सा जातो. एका झाडाची गोष्टच नको.

तोड निघाली ती अशी. प्रत्येक पुडीतले काही दाणे मूळ बी म्हणून त्या-त्या घराच्या नावाने वेगळे, कायम थंड ठेवायचे. त्यांना हात लावायचा नाही. वाढवायचं बी मात्र वाडीचं म्हणून एकत्र धरायचं, प्रत्येक घराचा वाटा काटेकोर सारखा ठेवून. दोन वाड्या एकत्र करायच्या नाहीत. वाडीतल्या वाडीत बी तसंही हातोहात फिरत असतं. दोन वाड्यांतला फरक हाच आपला ठेवा आहे.

गच्चीवर

वाटा सारखा ठेवणं बोलायला सोपं आहे. मांडव मधमाश्यांवर सोडला तर एक-दोन जोमदार वेल बाकीच्यांना खाऊन टाकतात. समजा दहा वेल आहेत आणि एकानेच निम्मं बी दिलं, उरलेलं निम्मं बाकी नऊ जणांनी सारखं दिलं. प्रत्येकाच्या वाट्याचा वर्ग करा, बेरीज करा, तिचा व्यस्त काढा: आईच्या बाजूने दहा वेलांची प्रभावी संख्या ३.६ निघते. नोंदवहीत दहा लिहिलेले असतात, बरणीत साडेतीन असतात. शिवाय असा जोमदार वेल मुंबईच्या गच्चीला मानवलेला असतो. राजापूरच्या कातळाला काय हवं हे त्यावरून कळत नाही.

म्हणून हाताने परागण. मादी फूल ओळखायला सोपं, पाठीमागे बोटाच्या पेराएवढं काटेरी तवसं असतं. उद्या उमलणारी कळी टोकाला पिवळी दिसायला लागली की संध्याकाळी तिच्या पाकळ्या दोऱ्याने अलगद बांधायच्या, म्हणजे मधमाशी आत शिरत नाही. ज्या वेलाचा पराग घ्यायचा त्याची नर कळीही बांधायची. सकाळी नर फूल तोडून पाकळ्या सोलायच्या, मादी फुलाचा दोरा सोडून त्यावर ते टेकवायचं आणि पुन्हा बांधून टाकायचं. देठाला चिठ्ठी: आई अमुक, बाप तमुक. वेलांची रांग आम्ही अशी लावली की शेजारचे दोन वेल कधीच एका घरातले नसतील. पहिल्याचा पराग दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, आणि शेवटच्याचा पहिल्यावर. प्रत्येक वेल एकदाच आई आणि एकदाच बाप. प्रत्येकाचा वाटा असा अगदी सारखा ठेवला की प्रभावी संख्या झाडांच्या जवळपास दुप्पट धरता येते. कुठल्याही यंत्राविना, दोऱ्याच्या बळावर एवढं साधतं याचा मला आजही आनंद होतो.

मुंबईच्या पावसाने खूप पिडलं. पराग ओला झाला की फुटतो आणि निकामी होतो. संततधार लागली की सकाळचं काम फुकट जायचं आणि दुसऱ्या कळीची वाट पाहावी लागायची. मुलांनी रांगेवर प्लास्टिकचं छप्पर ताणलं, पहिल्या लेक्चरच्या आधी येऊन छत्रीखाली फुलं बांधली. तीन वेल मर रोगाने गेले. साखळीतली ती जागा मोकळी सोडायची नाही, त्याच्या आधीच्या वेलाचा पराग नंतरच्यावर न्यायचा, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. बाकीच्या तेहतीस वेलांना प्रत्येकी एक फळ धरलं. फळ पिवळं-तपकिरी होईपर्यंत वेलावर ठेवलं, गर काढून दोन दिवस आंबवला, बी धुतलं. मग प्रत्येक फळातले मोजून तीस दाणे वाडीच्या बरणीत गेले. एका फळात ढीगभर बी होतं आणि दुसऱ्यात जेमतेम, तरी वाटा तीसच.

उरलेलं बी काय केलं, असं पुष्कळजण विचारतात. मुलांनी घरी नेलं, लावलं, तवसळी करून खाल्ली.

साठवण

उगवण मुळात घसरली का, तेही पाहिलं. बियांच्या आयुष्याचा जुना आडाखा असा की ओलावा १ टक्क्याने उतरला की आयुष्य दुप्पट आणि तापमान ५ अंशांनी उतरलं तरी दुप्पट. पुड्या थंड ठेवलेल्या होत्या, पण पावसाळ्यात बरणी उघडी ठेवून पुड्या शोधल्या जात. जुलैतली मुंबईची हवा कोरड्या बीला काही तासांत ओलं करते. आता बरण्यांत सिलिका जेल आहे आणि बरणी थंडीतून काढली की खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं. जनुकपेढ्यांत बी उणे १८ अंशांना ठेवतात. आमचा डीप फ्रीझर त्याच्या जवळपास जातो.

उगवणीच्या चाचणीलाही नमुन्याचंच गणित लागू आहे. एका पुडीतले ५० दाणे लावले, ३१ रुजले, म्हणजे ६२ टक्के. पण पन्नास दाण्यांवरून खरं प्रमाण ४८ ते ७६ यांत कुठेही असू शकतं. जनुकपेढ्यांचा जागतिक दंडक म्हणतो की उगवण मूळच्या ८५ टक्क्यांखाली गेली की बी नव्याने धरा. इथे ७६ धरलं तरी निर्णय तोच येत होता, म्हणून आणखी दाणे चाचणीत खर्च केले नाहीत. मेलेलं बी हा निव्वळ आकड्यांचा तोटा नसतो. जी रूपं साठवणीत टिकत नाहीत ती आधी जातात, आणि पुढचं बी न मरणाऱ्यांचंच होत जातं.

भाताचं वेगळं

संग्रहातल्या भातावर हाच नियम लावायला गेलं तर फसायला होतं. भाताची मळणी होते. खळ्यावरच्या राशीत हजारो झाडांचे दाणे एकत्र आलेले असतात, त्यामुळे राशीतून चार-पाच ठिकाणांहून घेतलेली ओंजळभर साळ बांधावरून खुडलेल्या दहा उत्तम लोंब्यांपेक्षा किती तरी चांगला नमुना असतो. उत्तम लोंब्या निवडणं हे शेतकऱ्याचं बियाणं राखण्याचं काम आहे. विविधता जपणाऱ्याने निवड करायची नाही, वाटेत येईल ते उचलायचं. काही विशेष दिसलं तर ते वेगळ्या पुडीत घालावं.

भातात आमची अडचण उलटी होती, पुड्या फार आणि फ्रीझर लहान. त्यात हळवे, म्हणजे लवकर पिकणारे भात थोडे आणि गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे पुष्कळ. सरसकट चिठ्ठ्या टाकून निवडलं असतं तर हळवे जवळपास बाहेरच राहिले असते. म्हणून आधी हळवे, निमगरवे, गरवे असे गट पाडले आणि प्रत्येक गटाला त्याच्या संख्येच्या लॉगरिदमच्या प्रमाणात जागा दिली. चौसष्ट पुड्यांचा गट, सोळांचा आणि चारांचा असे तीन गट असले आणि जागा एकवीस असल्या, तर सरळ प्रमाणात १६, ४ आणि १ अशी वाटणी होते. लॉगरिदमने साधारण १०, ७ आणि ४ अशी. मोठ्या गटात पुढची पुडी बहुधा आधीच्या एखादीसारखीच असते, लहान गटात तसं नसतं.

गणपतीनंतर

गणपतीहून मुलं परतली तेव्हा त्या वाडीतल्या आणखी सोळा घरांचे दहा-दहा दाणे आले. पुडीवर या वेळी एक नवी ओळ होती, "बी कुठून आलं". एका विद्यार्थिनीने आपल्या आजीला विचारलं, "आजी, हे बी घरचंच का?" आजी म्हणाली, "लग्नात माहेराहून आणलेलं. शेजारणीला पण मीच दिलं." शेजारणीची पुडीही आमच्याकडे होती. त्या दोन पुड्या हिशेबात दोन धरता येत नाहीत, एक आणि थोडी जास्त धरावी लागते. उलट दुसऱ्या एका घरातलं बी सुनेने लांज्याहून आणलेलं निघालं. ते वाडीतल्या इतरांपासून खरोखर वेगळं असण्याचा संभव मोठा. बायकांच्या लग्नांबरोबर बी गावोगाव फिरतं, आणि ही माहिती जनुकीय चाचणीच्या खर्चाशिवाय, नुसतं विचारून मिळते. ती आता प्रत्येक पुडीसाठी घेतली जाते.

बारा आणि सोळा मिळून अठ्ठावीस घरं झाली, पण परस्परांकडून घेतलेलं बी वजा केल्यावर स्वतंत्र म्हणता येतील अशी एकवीस. वाईटातलं वाईट गृहीतक धरलं तरी खात्री ७१ वरून ८८ टक्क्यांवर आली आहे. उरलेल्या नऊ स्रोतांसाठी वाडीतल्या ज्या घरांपर्यंत कुणी पोचलेलं नाही त्यांची यादी दोन विद्यार्थ्यांनी घेतली आहे. शिमग्याला ते गावी जाणार आहेत. पुढच्या जूनला नव्या घरांचे प्रत्येकी दोन वेल पिंपांत लागतील आणि त्यांचं बी याच पद्धतीने वाडीच्या बरणीत मिसळेल. त्यानंतर या वाडीच्या बियांचा एक जादा नमुना, घरांच्या नोंदीसकट, राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या अकोल्याच्या केंद्राकडे पाठवायचा मॅडमचा विचार आहे. मोकळी राहिलेली सहा पिंपं त्यांनी दुसऱ्या एका वाडीच्या दुधीसाठी मागितली आहेत. त्याची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून परागणाला दुपारच्या वर्गातली मुलं लागतील.